सँटोरिनीची द्राक्षे ज्वालामुखीच्या मातीत वाढतात, तशी आपलीही. मग इतका फरक का?

कादवाकाठ

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात आमची तीन पिढ्यांची द्राक्षबाग आहे. बहुतेक क्षेत्र खाण्याच्या द्राक्षांचे असून गेल्या काही वर्षांपासून दोन एकरांवर एका वायनरीसाठी करारावर वाइनच्या जातीही घेतो. मुलीच्या आग्रहाने ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ग्रीसला जाण्याचा योग आला आणि सँटोरिनी बेटावर तीन दिवस मुक्काम झाला. सोबतची मंडळी पांढरी घरे आणि सूर्यास्त पाहण्यात रमली होती. मी मात्र पहिल्याच दिवशी पिर्गोस गावाच्या वाटेवर एक बाग दिसली, तिथे उतरलो आणि तासभर तिथेच राहिलो.

त्या बागेत मांडव नव्हता, तार नव्हती, लोखंडी अँगल नव्हते आणि ठिबकची नळीही नव्हती. राखाडी-पांढऱ्या, पायाखाली करकरणाऱ्या जमिनीवर दोन-अडीच मीटर अंतराने वेली गोल वळवून ठेवलेल्या होत्या. डोक्यावर ओझे घेताना बायका जी चुंबळ करतात, तशी त्यांची रचना होती आणि घड त्या चुंबळीच्या आत, पानांच्या आड होते. तोडणी सुरू होती. माणसे गुडघ्यावर बसून, हात आत घालून एकेक घड काढत होती. वाटाड्याने सांगितले की वर्षाला जेमतेम ३०० ते ४०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही हिवाळ्यात, आणि उन्हाळाभर एक थेंब नसतो. वेली कलमाच्या नाहीत, स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत, आणि काही मुळे तर शेकडो वर्षांची आहेत. हे सगळे कशामुळे, असे विचारले की प्रत्येक वेळी त्याचे एकच उत्तर यायचे, ते म्हणजे ज्वालामुखीची माती.

माझी शंका इथेच सुरू होते. आपला सह्याद्री आणि दख्खनचे सारे पठार ज्वालामुखीच्याच लाव्हारसाचे आहे, हे आपण शाळेत शिकलो. मग त्याच कुळातील जमिनीत माझी बाग डॉगरिजच्या खुंटाशिवाय (ज्याच्या मुळांवर आपण द्राक्षाचे कलम करतो) आणि ठिबकशिवाय एक हंगामही का तग धरत नाही? माझ्याकडे डोंगराच्या कडेला वीस गुंठ्यांचा मुरमाड तुकडा पडून आहे. तिथे या चुंबळ पद्धतीने, स्वमुळावरच्या वेली लावून पाहाव्यात असे मनात आले आहे. या विषयातील जाणकारांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

मृदागंध

कादवाकाठ साहेब, तुमचा प्रश्न मला फार जवळचा आहे, कारण मृदाशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर मी दोन हंगाम त्याच बेटावर तोडणीच्या आणि छाटणीच्या काळात राहिलो आहे. वाटाड्याचे उत्तर खोटे नाही, परंतु ते इतके अपुरे आहे की त्यावरून शेतीचा कोणताही निर्णय घेता येणार नाही. जमीन ज्वालामुखीतून आली, एवढ्यावरून तिच्याविषयी फारसे काही कळत नाही. तिच्या वयाविषयी, तिच्यात चिकणमाती किती आहे याविषयी आणि तिने कोणते हवामान सोसले याविषयी विचारले, तर मात्र बरेच काही कळते.

आपला काळा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. इतक्या काळात, पावसाळी आणि उष्ण हवेत, त्या बेसाल्टची झीज होऊन त्यातून फुगणारी आणि आकसणारी चिकणमाती तयार झाली. आपली काळी जमीन पावसाळ्यात चिकटते, पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते, त्याचे कारण हेच. सँटोरिनीची वरची जमीन याच्या तुलनेत कालची आहे. सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी तिथे जो महाभयंकर उद्रेक झाला, त्यात बेटाचा मधला भाग खचून समुद्र आत शिरला. आज पर्यटक जिच्या काठावर उभे राहतात ती ही कढई. उरलेल्या भूभागावर राख आणि प्यूमिस यांचे थर साचले, जे काही ठिकाणी कित्येक मीटर जाडीचे आहेत. अक्रोतिरी हे प्राचीन नगर याच राखेखाली गाडले गेले आणि १९६७ साली तिथे पद्धतशीर उत्खनन सुरू झाले. पाय घासायला बाजारात जो हलका, छिद्राछिद्रांचा दगड मिळतो, तोच हा प्यूमिस. या राख, प्यूमिस आणि वाळूच्या मिश्रणाला स्थानिक लोक ‘आस्पा’ म्हणतात. कोरड्या हवेत एवढ्या अल्प काळात त्यापासून चिकणमाती जवळजवळ तयारच झालेली नाही, आणि सेंद्रिय अंशही नाममात्र आहे.

आता स्वमुळांचा मुद्दा. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा ही मुळांवर जगणारी सूक्ष्म कीड अमेरिकेतून युरोपात आली. १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये तिचा उपद्रव ध्यानात आला आणि पुढच्या काही दशकांत तिने युरोपातील बहुतेक बागा उद्ध्वस्त केल्या. अमेरिकी खुंटावर युरोपी जातीचे कलम करणे, हा त्यावर निघालेला तोडगा आजतागायत जगभर चालू आहे. ही कीड जमिनीतील भेगा आणि पोकळ्यांमधून एका मुळावरून दुसऱ्या मुळावर जाते. चिकणमातीच्या जमिनीत तिला वाट मिळते, भुसभुशीत आणि चिकणमातीरहित जमिनीत ती वाट टिकत नाही आणि कीड तग धरू शकत नाही. सँटोरिनीच्या वेलींना म्हणूनच कलमाची गरज पडली नाही. हे संरक्षण उद्रेकाच्या आगीतून किंवा गंधकातून आलेले नाही. पोर्तुगालमधील कोलारेस येथे ज्वालामुखीचा संबंध नाही, तरी समुद्रकाठच्या वाळूतील वेली याच कारणाने स्वमुळांवर राहिल्या.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. तुमच्या बागेत डॉगरिज आहे तो फिलॉक्सेरासाठी नाही. आपल्याकडे तो खुंट आला तो मुख्यतः पाण्याची टंचाई आणि क्षारांचे वाढते प्रमाण यांवर उपाय म्हणून. त्यामुळे ‘तिथे खुंट लागत नाही, मग इथे का लागतो’ ही तुलनाच दोन वेगळ्या दुखण्यांची आहे.

पाण्याबाबतही असेच आहे. हिवाळ्यात जो थोडा पाऊस पडतो तो आस्पामध्ये वाहून न जाता मुरतो आणि प्यूमिसच्या छिद्रांत साठून राहतो. वरचा थर भुगा असल्यामुळे जमीन स्वतःच आपल्यावर आच्छादन घालून बसते आणि खालची ओल केशाकर्षणाने वर येऊन उडून जात नाही. उन्हाळ्यात रात्री समुद्रावरून येणारी दमट हवा आणि धुके यांचाही वेलींना आधार मिळतो; पहाटे बागेतून चालताना माझी पायताणे ओली झालेली मी पाहिली आहेत. तरीही माझ्या मते मुख्य भार वाहतात ती खोलवर गेलेली मुळे, आणि वेलीकडून फार उत्पन्नाची अपेक्षा न करणारी माणसे. याच कोरड्या जमिनीत छोटे टोमॅटो, पांढरी वांगी आणि ‘फावा’ नावाची डाळ पाण्याशिवाय पिकवण्याची जुनी परंपरा आहे. ही फावा आपल्या पूर्व विदर्भातील लाखोळीच्याच कुळातील आहे, आणि अक्रोतिरीच्या उत्खननातही तिचे दाणे सापडले आहेत.

तिसरी गोष्ट पोटॅशची, आणि वाइनच्या दृष्टीने मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. आस्पामध्ये वेलीला मिळू शकणारे पोटॅशियम फार कमी असते. द्राक्षाच्या रसातील टार्टारिक आम्लाशी पोटॅशियमचा संयोग झाला की त्याचे क्षार बनतात, आम्लता घटते आणि सामू (पीएच) वाढतो. पोटॅशियम कमी मिळाले तर आम्ल मोकळे राहते. अस्सिर्तिको ही तेथील मुख्य जात मुळातच आम्ल टिकवून धरणारी आहे. त्यात या जमिनीची भर पडल्यामुळे तळपत्या उन्हात भरपूर साखर भरूनही तिच्या वाइनचा सामू ३ च्या आसपास राहतो. उष्ण प्रदेशात हे विरळाच घडते.

फ्रेंच लोक ‘तेरवार’ म्हणतात त्याचा अर्थ जमीन, हवा, उतार आणि माणसांची रीत यांचा एकत्रित गुण असा आहे. आपण ‘त्या मातीचा गुण’ म्हणतो, ते त्याच्या बरेच जवळ जाते. मात्र दगडाची चव मुळांवाटे पेल्यात उतरते, ही समजूत सोडून द्यावी. मुळे दगड शोषत नाहीत, पाण्यात विरघळलेली मूलद्रव्ये तेवढी घेतात. माती चवीला घडवते ती ओल, अन्नद्रव्यांचा तुटवडा आणि आम्ल यांच्या मार्गाने.

चुंबळीचे नाव ‘कुलूरा’. गोल कड्यासारख्या पावालाही ग्रीक भाषेत हाच शब्द आहे. दर हिवाळ्यात छाटणी करताना राखलेल्या काड्या आधीच्या वेटोळ्यात गुंफतात आणि अशी ती टोपली वर्षानुवर्षे वाढत जाते. ही रीत वाऱ्यासाठी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो, आणि वसंतातही कोवळी फूट आणि फुलोरा मोडून टाकणारे वारे असतातच. वाऱ्याबरोबर प्यूमिसचे कण उडतात आणि मण्यांवर ओरखडे पाडतात. टोपलीच्या आत घड सुरक्षित राहतो, पानांची सावली मिळते आणि थोडी ओलही टिकते. बेटावर सगळीकडे कुलूराच आहे असे मात्र नाही. वारा कमी असलेल्या जागी काड्या कमानीसारख्या वळवून बांधण्याच्या रीतीही आहेत, आणि अलीकडे काहींनी तारांवरही बागा चढवल्या आहेत.

येरळाकाठ

मृदागंध सरांनी जमिनीचे इतके स्पष्ट सांगितल्यावर मी केवळ बागायतदार म्हणून कादवाकाठ दादांच्या वीस गुंठ्यांविषयी लिहितो. माझी बाग तासगाव भागात आहे आणि वडिलांच्या काळातील स्वमुळावरच्या वेली मी स्वतः छाटल्या आहेत. त्या वेळी बागेत एखादी वेल मेली, तर शेजारच्या वेलीची लांब काडी मातीत दाबून, तिचे टोक मोकळ्या जागी वर काढून नांग्या भरत असत. ते दाब कलम दोन-तीन वर्षांत स्वतंत्र वेल म्हणून उभे राहत असे. पुढे पाणी आटले, विहिरी खारावल्या, पानांच्या कडा करपू लागल्या आणि डॉगरिजवर कलम करणे भाग पडले. तेव्हा स्वमुळावरची बाग आपल्याकडे अशक्य होती असे नाही. तिच्या पाण्याचा गुण बदलला, म्हणून ती गेली.

कुलूरा मात्र आपल्याकडे लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सँटोरिनी विषुववृत्तापासून ३६ अंश उत्तरेला आहे आणि नाशिक सुमारे २० अंशांवर. तिथे वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपते, हिवाळ्यात एकदाच छाटली जाते, आणि फूट, फुलोरा, मणी भरणे हे सारे कोरड्या काळात पार पडते. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करतो आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करून त्या काडीवर घड घेतो. काडी तयार होण्याचा काळ नेमका पावसाळ्यात येतो. जमिनीला टेकलेल्या गोल टोपलीत पावसाळ्याचे चार महिने पाने दाटलेली राहिली, तर केवडा आणि करपा हे बुरशीरोग तिथून हटणारच नाहीत. फवारणीचा थेंब आत पोहोचणार नाही, चिखलाचे शिंतोडे पानांवर बसतील, आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात सापडलेला कोवळा घड कुजून जाईल. ज्या वाऱ्यापासून वेल वाचवण्यासाठी त्यांनी टोपली विणली, तोच वारा आपल्याला पानांमधून खेळवायचा असतो. आपला मांडव आणि वाय पद्धत (इंग्रजी Y आकाराच्या आधारावर वेल चढवणे) यांचा उगमच त्यात आहे.

सरांच्या लिहिण्यातून आपल्याला घेण्यासारखी गोष्ट पोटॅशची आहे. खाण्याच्या द्राक्षांच्या सवयीने आपण मणी फुगण्यासाठी आणि गोडी येण्यासाठी वाइनच्या जातींनाही हात सैल सोडून पोटॅश देतो. काळ्या जमिनीत ते मुळातच मुबलक असते. मग वायनरीकडे माल गेल्यावर ब्रिक्स (रसातील साखर) भरपूर पण सामू चढलेला, असा शेरा येतो. मला एका वर्षी या कारणावरून भाव कमी मिळाला, तेव्हापासून मी देठ परीक्षणाशिवाय पोटॅश देत नाही.

द्राक्षासव

मी पुण्यात राहते. वाइनचे शास्त्रशुद्ध शिक्षण घेतले आहे आणि ग्रीक वाइनचा काही वर्षे अभ्यास करते आहे. वरच्या दोन्ही प्रतिसादांना पेल्याच्या बाजूने थोडी जोड देते.

सँटोरिनीच्या वाइनला संरक्षित मूळस्थानाचा दर्जा १९७१ साली मिळाला. ग्रीसमध्ये असा दर्जा मिळालेल्या पहिल्या प्रदेशांपैकी ते एक आहे. कोरडी पांढरी वाइन मुख्यत्वे अस्सिर्तिकोची असते आणि तिच्यात आथिरी व आयदानी या दोन स्थानिक पांढऱ्या जाती थोड्या प्रमाणात चालतात. आथिरी मऊपणा आणते, तर आयदानी फुलांचा सुगंध देते. अस्सिर्तिकोला मात्र स्वतःचा मोठा सुगंध नाही. पहिल्यांदा चाखणाऱ्याला ती लिंबाच्या सालीसारखी, किंचित खारट आणि जिभेवर जवळजवळ लाल वाइनसारखी पकड घेणारी वाटते. मद्यांश १३ ते १४ टक्क्यांच्या पुढे आणि आम्लताही तीक्ष्ण, हा संयोग ज्याने एकदा अनुभवला तो सहसा विसरत नाही. खारटपणाचे श्रेय लोक समुद्राच्या तुषारांना देतात, परंतु मृदागंध सरांच्या दगडाबद्दलच्या इशाऱ्याप्रमाणे इथेही सावध राहावे, असे मला वाटते. चांगली अस्सिर्तिको दहा वर्षे सहज मुरते, आणि भारतात पांढरी वाइन ‘ताजीच प्यावी’ असा जो सर्वसाधारण समज आहे त्याला ती उत्तम अपवाद आहे.

‘निक्तेरी’ हा दुसरा प्रकार. ग्रीक भाषेत रात्रीला जो शब्द आहे, त्यावरून हे नाव पडले. ऑगस्टच्या उन्हात द्राक्षे तापून रस बिघडू नये म्हणून तोडलेला माल त्याच रात्री तुडवून, गाळून मोकळे व्हायचे, अशी जुनी रीत होती. यंत्राने थंड करण्याची सोय नसलेल्या काळात शेतकऱ्यांनी काढलेला हा साधा उपाय आता वाइनचे नाव होऊन बसला आहे. तिथल्या जुन्या वायनरी, ज्यांना ‘कानावा’ म्हणतात, त्याही अशाच शहाणपणाच्या आहेत. प्यूमिसच्या थरात खोदलेल्या या गुहा बारमाही थंड राहतात.

माझ्या मते बेटाचा खरा मानबिंदू मात्र ‘विन्सान्तो’ ही गोड वाइन आहे, आणि येरळाकाठ दादांच्या भागातील लोकांना तिची कृती सर्वांत लवकर उमगेल. तासगावला बेदाणा करताना घड द्रावणात बुडवून शेडमध्ये जाळ्यांवर, सावलीत सुकवतात, म्हणजे रंग हिरवट-पिवळा राहतो. सँटोरिनीत उलट करतात. पिकलेले घड थेट उन्हात पसरून आठ-दहा ते चौदा दिवस ठेवतात, ते उलटत राहतात, आणि अर्धवट सुकून साखर दाटलेल्या त्या मण्यांचा रस काढून आंबवतात. नियमानुसार त्यात निम्म्याहून अधिक अस्सिर्तिको हवी आणि वाइन ओकच्या पिपांत किमान दोन वर्षे मुरायला हवी. प्रत्यक्षात अनेक उत्पादक ती त्याहून कितीतरी अधिक काळ ठेवतात. रंग गडद मधासारखा, चव अंजीर, खारीक आणि काकवीच्या जवळपास. असे असूनही शेवटी तोंड चिकट होत नाही, कारण सुकताना साखरेबरोबर आम्लही दाटलेले असते. एकोणिसाव्या शतकात ही वाइन चर्चमधील विधींसाठी मोठ्या प्रमाणावर रशियाला जात असे, आणि १९१७ च्या क्रांतीनंतर ती बाजारपेठ संपली. इटलीतील तोस्काना प्रांतातही सारख्याच नावाची गोड वाइन होते, तिच्याशी गल्लत करू नये. सँटोरिनी या नावातच संत इरिनी आहे आणि विन्सान्तो हे नाव त्या बेटाशी जोडलेले आहे.

लाल जाती थोड्याच आहेत. मांदिलारिया जुनी आहे. मावरोत्रागानो जवळजवळ नाहीशी झाली होती, तिला पारिस सिगालास आणि २०१७ साली निधन पावलेले हारिदिमोस हाजिदाकिस या वाइनकारांनी पुन्हा उभे केले.

कादवाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. चुंबळीचा विचार मी सोडून दिला आहे. येरळाकाठ दादांनी ऑक्टोबरच्या पावसाचा जो दाखला दिला, तो मला स्वतःला सुचायला हवा होता.

आणखी दोन शंका आहेत. वाटाड्या म्हणाला होता की काही वेली चारशे वर्षांच्या आहेत. मी पाहिलेल्या टोपल्यांचे खोड जाड होते, पण इतके जुने वाटले नाही. दुसरे असे की मला बागांपेक्षा हॉटेलांची बांधकामेच जास्त दिसली. एवढ्या नावाजलेल्या वाइनच्या बागा कमी होत आहेत का?

मृदागंध

वेलीच्या वयाबद्दल तुम्हाला जे दिसले ते बरोबर आहे. टोपली जसजशी जुनी होते तसतसे वेटोळ्यातील लाकूड लांबत जाते. मुळांनी ओढलेला रस त्या लांबच लांब लाकडातून फिरून टोकाच्या डोळ्यांपर्यंत पोहोचायचा असतो, आणि एका टप्प्यावर उत्पन्न इतके घटते की टोपली ठेवण्यात अर्थ राहत नाही. मग साधारण ७५ ते १०० वर्षांनी पूर्ण टोपली जमिनीलगत कापून टाकतात. खालच्या भागातील सुप्त डोळ्यांतून नवी फूट येते आणि तिच्यापासून नवी टोपली विणायला सुरुवात होते. मुळे तीच राहतात. हे चक्र तीन-चार वेळा झाले असे धरून चारशे वर्षांचा हिशेब सांगितला जातो. जमिनीवरचे लाकूड प्रत्येक वेळी कापले जात असल्याने वलये मोजून वय सिद्ध करण्याचा मार्ग तिथे बंद आहे, म्हणून मी ‘अतिशय जुनी मुळे’ एवढेच म्हणतो. मेलेल्या वेलीची जागा भरायला तिथेही दाब कलमच करतात. येरळाकाठ यांनी वडिलांच्या काळातील ज्या नांग्या भरण्याचे वर्णन केले, ते मी पिर्गोसच्या उतारावर हुबेहूब पाहिले आहे. खुंटावरच्या बागेत हे करता येत नाही, कारण दाबलेल्या काडीला खुंटाची मुळे मिळत नाहीत.

बागा कमी होत आहेत, हे दुर्दैवाने खरे आहे. सुमारे ७६ चौरस किलोमीटरच्या या बेटावर गेल्या काही दशकांत साधारण १,२०० हेक्टरांवर बागा असल्याचे सांगितले जात असे, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या याहून कितीतरी अधिक होत्या. ९ जुलै १९५६ च्या भूकंपात गावे कोसळली, अनेक कुटुंबे बेट सोडून गेली आणि कड्यांवरच्या दगडी बांधांच्या पायऱ्या तेव्हापासून ओस पडू लागल्या. पुढे पर्यटन आले. एका हेक्टरमधून आपल्या मानाने नगण्य माल निघतो, सगळे काम गुडघ्यावर बसून हाताने करायचे असते, यंत्र त्या टोपल्यांत चालत नाही, आणि त्याच जागेवर खोल्या बांधल्या तर एका उन्हाळ्यात जे मिळते ते बाग कित्येक वर्षांत देत नाही. द्राक्षांचा भाव अलीकडे खूप वाढला आहे, तो ग्रीसमधील सर्वांत चढ्या भावांपैकी एक आहे, तरीही नवी पिढी बागेत उतरेल इतका तो पुरेसा नाही. त्यात हिवाळ्याचा पाऊस कमी होत चालला आहे. २०२३ आणि २०२४ या लागोपाठच्या हंगामांत उत्पन्न फारच घसरले, आणि पाण्याशिवाय जगणाऱ्या या बागांत काही ठिकाणी ठिबक टाकण्याची चर्चा आणि कामेही सुरू झाली. २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत भूकंपाच्या धक्क्यांची मालिका लागली आणि हजारो लोकांना काही आठवडे बेट सोडावे लागले. तो काळ नेमका छाटणीचा होता.

मला सर्वांत जास्त चिंता वाटते ती टोपली विणणाऱ्या हातांची. छाटणीच्या दिवसांत मी ज्या शेतकऱ्याबरोबर बसत असे ते सत्तरीचे होते. कोणती काडी राखायची, ती कोणत्या बाजूने वळवायची म्हणजे मोडणार नाही, आणि टोपलीचे तोंड वाऱ्याच्या दिशेला किती उंच ठेवायचे, हे ते सांगत नसत, फक्त करून दाखवत. तारेवरची बाग कोणालाही महिन्याभरात शिकवता येते, ही शिकवता येत नाही. अस्सिर्तिको आता ग्रीसच्या मुख्य भूमीवर आणि ऑस्ट्रेलियातील क्लेअर खोऱ्यातही लावली जाते आणि तिथे चांगली वाइनही होते. पण तिथे ती तारेवर उभी आहे.

तुमच्या वीस गुंठ्यांसाठी एवढेच सुचवतो. प्रथम मातीचा पोत तपासा. मुरूम दिसायला भरड असला तरी तो बेसाल्टचाच अर्धवट कुजलेला दगड असतो आणि त्याच्या फटींत चिकणमाती बऱ्यापैकी असू शकते. त्याखाली मुळे किती खोल जाऊ शकतील हे पाहण्यासाठी दोन-तीन ठिकाणी मीटर-दीड मीटर खड्डे घ्या आणि पोटॅशियम व चुनखडीचे प्रमाण अवश्य तपासून घ्या. लागवड वायवरच करा, वेलींतील अंतर नेहमीपेक्षा थोडे अधिक ठेवा, आणि हवे असल्यास एका ओळीत पाच-दहा वेली स्वमुळावर लावून शेजारच्या कलमांशी त्यांची तुलना तीन-चार वर्षे नोंदवा.

कादवाकाठ

खड्ड्यांचे काम येत्या आठवड्यात करून घेतो आणि वरचा एक, खालचा एक असे दोन वेगळे नमुने तपासणीला पाठवतो. विहिरीच्या पाण्याची क्षारता मोजून दोन वर्षे झाली आहेत, तीही सोबत तपासून घेतो. अहवाल आला की याच धाग्यात आकड्यांसह टाकेन, म्हणजे स्वमुळावरच्या त्या एका ओळीबद्दल येरळाकाठ दादांचे मत घेता येईल.